सभागृहात वाजलेला बाबांचा आवाज

वीस मिनिटांच्या ध्वनिमुद्रणात हे होतं: तीन माणसं, एक कुत्रा, बटाट्याच्या गोळ्यांचं एक पातेलं, रस्सा सांडल्याचा एक प्रसंग. बाबांनी गुंडुलाआत्याला अकरा वेळा मध्येच तोडलं, आत्याने त्यांना सव्वीस वेळा. बोलीतली रूपं, म्हणजे शाळेत ज्यांच्याभोवती लाल गोल काढतात ती, एकूण चारशे बारा. त्यातली तीनशे चार एकट्या बाबांची.

हे मोजणं हाच माझा अभ्यास होता. जर्मन भाषा आणि साहित्याच्या पदव्युत्तर वर्गात ओव्हरबेक सर बोलीभाषेचा सेमिनार घेत. प्रत्येकाने आपापल्या घरच्या जेवणाच्या टेबलावरच्या गप्पा मुद्रित करून आणायच्या आणि जशाच्या तशा लिहून काढायच्या. अडखळणं लिहायचं, उसासा लिहायचा, कुणी गप्प बसलं तर तेही सेकंदांत मोजून लिहायचं. माणसांची आणि गावांची नावं मात्र पुसायची. त्या जागी बारीक शिट्टी भरायची.

मी सुट्टीत डोंगरातल्या आमच्या गावी गेले तेव्हा बाबांनी विचारलं होतं, "कोन कोन ऐकनार हाय ह्ये?"

"वर्गातली पोरं, आन् सर. बाकी कुनी न्हाय."

"आन् हसली म्हंजी?"

"हसत न्हाईत हो बाबा. अभ्यास असतुया त्यो."

"मग ठिव तुजं यंत्र. मोहरीच्या बाटलीजवळ ठिव, रश्शात पडंल न्हाय तर."

त्या वीस मिनिटांत बाबांनी मोज्यांच्या कारखान्याची गोष्ट सांगितली. ते तिथे यंत्रं दुरुस्त करायचे. बर्लिनची भिंत पडल्यानंतर दुसऱ्या वर्षी आमच्या पूर्व जर्मनीतला तो कारखाना बंद झाला आणि चालू स्थितीतली विणकामाची यंत्रं भंगारात काढायची ठरली. फोडायचं काम ज्यांनी ती सांभाळली त्यांनाच दिलं. बाबा म्हणाले, "आदल्या दिशी सांजच्याला म्या माज्या मशीनला त्याल घातलं. सकाळी घन घिऊन तिलाच फोडायची व्हती, ठावं व्हतं. तरी घातलं. कोरडी कशी सोडू?" इथे बाबा थांबले आणि कुणीच त्यांना मध्येच तोडलं नाही. आत्यानेसुद्धा.

मे महिन्यात विद्यापीठाचा खुला दिवस होता. शहरातली माणसं येतात, निवृत्त शिक्षक येतात, शाळांचे वर्ग येतात. मोठ्या सभागृहात ओव्हरबेक सरांचं व्याख्यान होतं, विषय 'आपल्या देशाचे आवाज'. मी तिसऱ्या रांगेत होते. सर बव्हेरियाबद्दल बोलले, समुद्रकाठाबद्दल बोलले, मग म्हणाले, "आणि आता पूर्वेकडचा एक खजिना!" आणि सभागृहभर बाबांचा आवाज आला.

सरांनी मला विचारलं नव्हतं.

'त्याल' आलं तिथे त्यांनी आवाज थांबवला. "ऐकलंत? त्याल!" त्यांनी तोंड वेंगाडून पुन्हा म्हणून दाखवलं. "त्या-आ-ल!" सभागृह हसलं. त्यांनी मुद्रण पुढे चालू केलं आणि घणाचं वाक्य त्या हशातच वाजून गेलं. ते कुणीही ऐकलं नाही. शेवटी सगळ्यांनी बाकं ठोकली. आमच्याकडे विद्यापीठात टाळ्या वाजवत नाहीत, मुठीने बाक ठोकतात. चारशे मुठी.

याच सरांनी मागच्या वर्षी एका कवितेतल्या एका आडव्या रेघेवर आमचा अख्खा तास घेतला होता. कवी तिथे का थांबला असेल, यावर आम्ही श्वास रोखून बोललो होतो. माझा बाप थांबला तर तो विनोद झाला.

खानावळीत माल्टे म्हणाला, "अगं, कौतुकानं हसले सगळे. गोड वाटले तुझे बाबा."

माल्टे हॅम्बुर्गचा, माझ्याच वर्गातला. मी म्हणाले, "तुझी आई तुझ्या आजोबांचं मरण सांगतेय आणि चारशे माणसं कौतुकानं हसतायत. चालेल तुला?"

"माझी आई अशी बोलत नाही पण."

"म्हणून तर कुणी हसणार नाही."

"तू ना, फार लावून घेतेस," म्हणत त्याने माझ्या ताटातला बटाटा उचलला. मी त्याच्या हातातून काटा काढून घेतला आणि टेबलावर आपटला.

व्याख्यानाची चित्रफीत विद्यापीठाने संकेतस्थळावर टाकली. आत्याच्या जावयाने ती पाहिली आणि सगळ्या गावाला पाठवली. रविवारी नेहमीसारखा बाबांचा फोन आला. एरवी ते उचलल्या उचलल्या "काय गं पोरी, जेवलीस का न्हाय?" असं ओरडतात.

"नमस्कार, थेक्ला," ते म्हणाले. "तुझी प्रकृती कशी आहे?"

मला वाटलं थट्टा चाललीय. "ह्ये काय नाटक, बाबा?"

"नाटक नाही. माणसाने नीट बोलावे. इतरांना समजेल असे बोलावे."

बातम्या वाचल्यासारखे ते बोलत होते, एकेक शब्द पुसून ठेवत. फोन ठेवल्यावर मी इतकी चिडले होते की माझ्याच्याने खुर्चीत बसवेना.

भेटीच्या वेळेत मी सरांच्या खोलीवर गेले. त्यांनी चहा पुढे केला. मी घेतला नाही.

"ऊलिग बाई, तुमची नेमकी तक्रार काय आहे?" माझं आडनाव घेऊन त्यांनी विचारलं. त्यांना खरोखरच कळलं नव्हतं. "नाव पुसलंय. गावाचं पुसलंय. कारखान्याचंसुद्धा पुसलंय. गोपनीयतेचे सगळे नियम पाळलेत आपण."

"गावातल्या प्रत्येकानं ओळखलं, सर."

"कशावरून?"

"आवाजावरून!"

"आवाज म्हणजे नाव नव्हे," ते समजुतीने म्हणाले. "आणि लोकांना फार आवडलं हो ते. तुमच्या वडिलांना अभिमान वाटायला हवा."

पुढच्या मंगळवारी सेमिनारमध्ये माझं सादरीकरण होतं. विषय आधीच ठरला होता, संभाषणातलं हसणं. उदाहरणं कुठली घ्यायची ते मी ठरवणार होते. मी व्याख्यानाचा तो तुकडा घेतला. सरांचं नाव, विद्यापीठाचं नाव, शहराचं नाव, सगळीकडे नियमाप्रमाणे शिट्टी भरली. भिंतीवर लिखाण लावलं आणि वक्ता 'अ' वाजवला.

"त्या-आ-ल!" वक्ता 'अ' म्हणाला. आता तो त्याच्याच वर्गात, त्याच्यासमोर, ते म्हणत होता. कुणीतरी फिसकन हसलं.

"थांबवा हे," सर म्हणाले.

"नाव पुसलंय, सर."

"मी आहे हे सगळ्यांना कळतंय!"

"कशावरून?"

त्यांच्या मानेवर लाली चढली. माल्टे खाली बघत होता.

"सातव्या ओळीपासून हशा आहे," मी म्हणाले. मी भिंतीवरच्या ओळीवर बोट ठेवलं. "त्याखाली एक वाक्य दबलंय. ते मी आठव्या ओळीत लिहिलंय. एक माणूस सांगतोय की ज्या यंत्राला त्यानं तेल घातलं, तेच त्याला फोडायला लावलं. यात हसण्यासारखं काय होतं, हे मला विश्लेषणात लिहायचंय. वक्ता 'अ' सांगेल का?"

ते खिडकीकडे बघत राहिले. मी थांबले. गप्प बसणं मोजायला त्यांनीच शिकवलं होतं, आणि मी त्यांच्यासमोर घड्याळ लावलं.

"चित्रफीत आज काढली जाईल," शेवटी ते म्हणाले. "पुढचं सादरीकरण."

आणि वर्गाने बाकं ठोकली. प्रत्येक सादरीकरणानंतर ठोकतात तशीच, सवयीने. माल्टेनेही ठोकलं.

"ठोकू नका!" मी ओरडले. दोघातिघांच्या मुठी हवेतच थांबल्या, बाकीच्यांनी ठोकून संपवलं.

चित्रफीत संध्याकाळी निघाली. मी पाहून खात्री केली आणि रविवारची वाट न बघता फोन लावला.

"बाबा, काढलं बगा त्यांनी त्ये. आता कुठंबी न्हाय."

"आभारी आहे. तू बराच त्रास घेतलास."

"अवो, म्या हाय. थेक्ला. माज्याशी तरी आपलं बोला की."

"मी आपलेच बोलतो आहे."

मग त्यांनी हवेची चौकशी केली, परीक्षेची केली. मध्येच मागे वाल्डी भुंकायला लागला आणि बाबा फोनपासून तोंड वळवून खेकसले, "गप की रं! दिऊ का एक ठिवून?" मग पुन्हा फोनवर आले. "क्षमस्व. तू काय सांगत होतीस?"

हा फोन मी मुद्रित केला नाही. कानांनी मोजला.

बाबांची बोलीतली रूपं: तीन. तिन्ही कुत्र्याशी बोलताना.