चारशे बारा झाडांची विरळणी

गाव जेमतेम दहा हजार वस्तीचं, पण नगरपालिका झाली त्या दिवसापासून लोक त्याला शहर म्हणू लागले. शहराला नळ होते, नळांना टेकडीखालच्या तलावाचं पाणी होतं आणि तलावाला उकंडराव होते. हजेरीपटावर ते नुसते तलाव चौकीदार. घरात मात्र विमलबाईशी ते अशा थाटात बोलत, की जणू पाऊस पाडायचा हुकूमही त्यांच्याच सहीनं सुटतो.

तलावाच्या वरच्या उतारावर सागाचं रान होतं. त्र्याहत्तरच्या हिवाळ्यात वनखात्यानं तिथं विरळणी काढली. ज्वारीची करतात तशीच झाडांची: वाकडं, किडकं, दाटीत दबलेलं काढायचं, म्हणजे चांगल्याला जोर येतो. नगरपालिकेला धास्ती एवढीच, की जास्तीची झाडं पडली तर उताराची माती तलावात उतरेल. म्हणून ओव्हरसियरनं उकंडरावांना एक छापील फॉर्म, बारा शिशा आणि एक पट्टी दिली. उतारावरून तलावात येणाऱ्या नाल्याच्या तोंडाशी पाणी आलं की रोज शिशी भरायची, दिवसभर न हलवता ठेवायची आणि तळाशी किती सूत, म्हणजे इंचाचे किती आठवे भाग, गाळ बसला ते मोजायचं. तोवर पडलेली झाडं मोजायची. मंजुरी चारशे बारा झाडांची. चारशे तेरावं पडता कामा नये.

जंगलाचा शिपाई, म्हणजे रामधन नाकेदार, आठ दिवस गेरूचा डबा घेऊन हिंडला. पाडायच्या झाडांना त्यानं छातीएवढ्या उंचीवर लाल पट्टे मारले आणि साळ्याच्या लग्नाला कारंज्याला निघून गेला. ठेकेदाराची माणसं सोमवारी यायची होती. ती शुक्रवारीच आली.

मुकादम जगदेव रिठद गावचा. त्यानं इकडेतिकडे पाहिलं, नाकेदार दिसेना, तेव्हा तो उकंडरावांकडे आला.

"जयभीम भाऊ. हे लाल पट्टे कायले मारले म्हनावं?"

अठरा वर्षांच्या नोकरीत उकंडरावांना 'पानी कधी सुटनार' याखेरीज कोणी काही विचारलं नव्हतं. त्यात जवानीत त्यांनी कारंज्याकडच्या रानात चार हिवाळे तोडीचं काम केलेलं. तिथं सगळं रान आडवं करायचे आणि बियाण्यासाठी ठेवायच्या झाडांनाच तेवढा गेरू लावायचे. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही.

"पट्टा म्हंजे राखाचं. त्याले कुऱ्हाड लागली नाई पाह्यजे. बाकीच्यातून चारशे बारा काढा."

जगदेवनं समोरच्या पोकळ, कमरेत वाकलेल्या सागावर हात ठेवला. "हे राखाचं? याच्यात काय आहे राखन्यासारखं?"

"तुले झाडातलं काय समजते? सरकारनं इचार करूनच मारला असन ना पट्टा!"

"बरं बापा," जगदेव हसला. "सरकारले वाकडेच आवडत असतीन."

मजूर खूश झाले. सरळ झाड पाडायला सोपं, ठेकेदारालाही गोड. नाल्याच्या दोन्ही काठांचे जुने, दोन माणसांच्या कवेत न मावणारे साग पहिल्याच दिवशी गेले. उकंडराव एकेक बुंधा मोजत होते. चारशे बारा झाले तसा त्यांनी हात वर केला आणि कुऱ्हाडी थांबल्या. इतकं नेटकं काम आपल्या हातून कधी झालं नव्हतं, असं त्यांना वाटलं. फॉर्म भरला: मंजूर चारशे बारा, पडलेली चारशे बारा, जास्तीची निरंक. खाली सही.

मंगळवारी रामधन हळदीचे हात घेऊन परतला. रान पाहून तो तसाच उकंडरावांकडे धावला.

"उकंडराव, पट्टेवाले पाडाचे होते!"

उकंडरावांना आधी समजलंच नाही. मग त्यांची नजर उभ्या राहिलेल्या वाकड्या झाडांवरून फिरली.

"मी सांगतो ओव्हरसियरले," ते म्हणाले. "चूक माही आहे."

"सांगा ना. मंग इचारतीन, नाकेदार कोठी होता? माह्या तीन पोरी हायेत घरी. अन तुमी सांगतल्यानं झाड उभं राह्यते का?"

रामधननं दोन दिवस दगडानं घासून घासून उभ्या झाडांवरचा गेरू काढला. उकंडरावांनी त्याला अडवलं नाही, हातही लावला नाही. तिसऱ्या दिवशी ते ओव्हरसियरकडे गेलेच.

ओव्हरसियरनं फॉर्म वरून खाली पाहिला. "आकडा जुळतो ना?"

"आकडा जुळते साहेब. झाडं नाई जुळत."

"कोणती झाडं पाडली असा रकाना कुठं आहे यात?"

"शेऱ्यात लिहा ना साहेब."

"शेऱ्यात लिहिलं की वरून पत्र येतं, उकंडराव. पत्र आलं की उत्तर द्यावं लागतं. उत्तर तुम्ही देणार?" फॉर्म फायलीत गेला. उकंडराव सायकल हातात धरून घरापर्यंत चालत आले. विमलबाईला त्यांनी सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तुमाले इचारलं कोनी हेच नवल."

चौऱ्याहत्तरच्या पावसाळ्यात शिशीच्या तळाशी आधी दोन सूत गाळ बसला. पावसाळ्याचं पहिलं पाणी तेवढं गढूळ असायचंच. श्रावणात पाच सूत झाला. पोळ्याच्या आधल्या दिवशी नाल्याचा डावा काठ खचला आणि शिशी अर्धी भरली. उकंडराव आकडे धाडत राहिले. ओव्हरसियरचं उत्तर एकदाच आलं: शिशी भरताना तळ ढवळू नये.

नळावर बाया त्यांना सोडत नव्हत्या. "भाऊजी, नळानं चहा धाडून राह्यले का? मंग साखर तं टाका!" उकंडराव मान खाली घालून जात. तुरटीचे खडे घरोघर फिरू लागले.

पंच्याहत्तरच्या थंडीत अकोल्याहून वनखात्याचे साहेब पाहणीला आले. उतारावर फिरले. जिकडे पाहावं तिकडे कुबड निघालेली, ढोली पडलेली, किडकी झाडं. साहेबांनी नाक मुरडलं.

"विरळणी होऊनही ही अवस्था? या रानात राखण्याजोगं काही नाही. सगळं काढून टाका. नवी लागवड करू."

रामधन "जी" म्हणाला. उकंडराव मागे उभे होते, ते पुढे आले. त्यांनी सगळं एका दमात सांगून टाकलं.

"साहेब, राखाची होती ते माह्या सांगन्यानं तुटली. हे पाडाची होती. पन आता हेच उरली. वाकडी असली तरी माती धरून राह्यली ना. राहू द्या."

साहेबांनी सोबत आणलेली नगरपालिकेची फाईल मागितली, पान काढलं. "ही सही तुमची?"

"हाव."

"इथं तर सगळं बरोबर आहे." त्यांनी रामधनकडे पाहिलं. रामधन बुटाच्या टोकानं माती उकरत होता. "काय रे, हे म्हणतात ते खरं?"

"मी तं असं काही आयकलं नाई साहेब."

साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी उकंडरावांच्या खांद्यावर हात ठेवला. "घाबरू नका. आपण खोडं नेणार, मुळं तिथंच राहतील की."

यंदा गेरूचं कामच पडलं नाही. जगदेवची माणसं खालच्या अंगानं सुरू झाली आणि उकंडरावांना पुन्हा मोजायला बसवलं. जगदेव आता त्यांना काही विचारत नव्हता. चौथ्या दिवशी दुपारी तो भाकर घेऊन त्यांच्याजवळ टेकला. समोरची रांग पडली होती आणि तिथून कधी न दिसलेलं गाव उघडं झालं होतं, नळाच्या टाकीपासून बौद्धवाड्यापर्यंत.

"पाहा भाऊ, बसल्या जागी तुमचं घर दिसते," जगदेव म्हणाला. "वैनी धुनं वाळू घालून राह्यली."

उकंडरावांनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं. दोरीवर चार सदरे होते. चारही मातकट. त्यांतले नोकरीचे पांढरे दोन कोणते, ते त्यांना ओळखता येईना.

"किती झाले?" जगदेवनं विचारलं.

"दोनशे सहासष्ट," उकंडराव म्हणाले, आणि मागे आणखी एक पडलं तशी त्यांनी कागदावर रेघ ओढली.