म्हशीची जागा

१९९६ साली नाशिकहून बाग-रचनेच्या कार्यशाळेसाठी कोल्हापूरला गेले, तेव्हा आपल्याला सगळं येतं अशी माझी खात्री होती. आठ वर्षं बागांचे आराखडे काढत होते. खाली नाव मात्र ऑफिसातल्या साहेबांचं लागायचं. इथं कार्यशाळा घेणाऱ्या सयाजी सरांनी शिवाजी पेठेतल्या एका तालमीपुढची मोकळी जागा आम्हाला नेमून दिली. ज्याचा आराखडा निवडला जाईल त्याची बाग तालीम मंडळ खरोखर करणार होतं, आणि नावही त्याचंच लागणार होतं. मला ती बाग हवीच होती.

भर दुपारी टेप लावून जागा मोजली. तिथं काळं कुत्रंही नव्हतं. आराखड्यात मधोमध गोल कारंजं काढलं, भोवती हिरवळ, कडेनं गुलाब. चौथ्या दिवशी ट्रेसिंग पेपरवर शाई चढली.

"देखणं आहे," सर म्हणाले. "जागा संध्याकाळी पाहिलीत?"

मला रागच आला. संध्याकाळी जागेची लांबी-रुंदी काय बदलते? तरी गुंडाळी काखेत मारून गेले.

माझ्या कारंज्याच्या जागी म्हैस उभी होती. धोंडुबाई नावाची म्हातारी थेट पेल्यात धार काढून देत होती आणि माणसं उभ्या उभ्या पीत होती.

"या पावणं, घ्या की! लाजताय व्हय?"

फेसाळ, कोमट दूध एका दमात प्याले. मग कौतुकानं तिला आराखडा उलगडून दाखवला. पदराला हात पुसून तिनं तो बराच वेळ न्याहाळला.

"लई झ्याक. पर ह्यात माझी म्हस कुठं हाय?"

तक्रार नव्हती ती. बिचारी खरंच शोधत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काढते, मावशी," एवढंच बोलले.

सकाळी अर्ध्या ब्लेडनं कारंज्याची शाई खरवडून काढली. कागद झिजला, जीव हळहळला. त्या कारंज्यावरच तर माझी भिस्त होती. तिथं फरशी घातली, पाण्याचा हौद दाखवला, पिणाऱ्यांना बसायला कट्टा दिला. मधे म्हैस काढली.

"कारंजं कुठं गेलं?" सरांनी सगळ्यांदेखत विचारलं.

"तिथं म्हैस उभी राहते."

हशा पिकला. सर हसले नाहीत. "किती वाजता?"

"सहाला."

सहाला सर सगळा वर्ग घेऊन तिथं आले आणि त्यांनी आराखडा धोंडुबाईपुढं धरला. तिचं बोट कागदावरून फिरत मधे थांबलं.

"हां, आता हाय." मग डोळे बारीक केले. "पर शिंगं चुकली की गं! हिची मागं वळल्याली हायती."

सर माझ्याकडे वळले. "हीच बाग करायची. शिंगं नीट करा आणि खाली नाव घाला."

मी शिंगं मागं वळवली. मग खाली सवयीनं साहेबांच्या नावाचं पहिलं अक्षर लिहून बसले.

सरांनी खिशातून ब्लेड काढून माझ्या हातात दिलं.