अध्यक्षबाईंचं मत

सभागृहात अध्यक्षबाईंचा आवाज चढला की भलेभले मंत्री खाली बसत. पंतप्रधान तर त्यांचा धाकटा भाऊच. तो लहानपणापासूनच बसत आला होता. हे नातं सत्ताधाऱ्यांनी जमेत धरलं होतं, विरोधकांनी खर्चात. बाईंना विचारायचं मात्र कुणाला सुचलं नव्हतं.

मग बाजारातल्या स्फोटात पंतप्रधानांचा एकुलता मुलगा गेला. चिमण. आईबाप सदा दौऱ्यावर, म्हणून आत्याच्याच घरी वाढलेला.

भावानं दुखवट्यातच हुकूम काढला: संशयितांना न्यायालयापुढे उभं न करता हवे तितके दिवस कोठडीत ठेवता येईल. माणसं भराभर उचलली गेली. न्यायालयानं बजावलं, की या अधिवेशनात सभागृहानं संमती दिली तर हुकूम टिकेल. नाहीतर पकडलेल्यांना पुराव्यानिशी आमच्यापुढे आणा, किंवा सोडा.

मतदानाच्या सकाळी भाऊ त्यांच्या दालनात आला.

"ताई, आमच्यातले काही फुटलेत. मतं समसमान पडणार. मग तुझं लागेल."

अध्यक्ष एरवी मत देत नसत. समसमान पडली तरच. त्यालाही जुना रिवाज होता: सभागृहानं बहुमतानं न दिलेली सत्ता अध्यक्षानं एकट्याच्या मतानं सरकारच्या हाती द्यायची नाही.

"रिवाज तुला ठाऊक आहे," बाई म्हणाल्या.

"रिवाज म्हणजे कायदा नव्हे. मोडलास तर कोण विचारणार तुला?"

"कुणी विचारणार नाही, म्हणून तर मोडवत नाही रे."

"चिमणला मारणारा त्या कोठडीत आहे, ताई."

"कोण?"

तो घुटमळला. "त्यांच्यातलाच कुणीतरी."

"मग कोण ते शोध, आणि न्यायालयाला सांग."

"तुझ्या हातचं जेवून मोठा झाला तो!"

बाईंनी पाण्याचा पेला त्याच्यापुढे सरकवला. त्यानं हात लावला नाही.

मतं समसमान पडली. "आता काय, घरचंच मत!" मागच्या बाकावरून कुणीतरी पुटपुटलं. बाई उभ्या राहिल्या.

"अध्यक्षांचं मत विरोधात. प्रस्ताव फेटाळला आहे."

आवाज नेहमीचाच. बसताना मात्र खुर्ची हातानं चाचपावी लागली. विरोधकांनी आनंदानं बाकं बडवली, तशा त्या कडाडल्या, "खबरदार! इथं कुणी जिंकलेलं नाही."

संध्याकाळी त्या भावाच्या घरी गेल्या. दार भावजयीनं उघडलं, अर्धंच.

"वन्सं, ते भेटणार नाही म्हणतात."

"आणि तू?"

"मला एवढंच सांगा. उद्या जे सुटतील, त्यांत तो असेल?"

खोटं बोलणं सोपं होतं. बाईंनी मान खाली घातली. "असेलही."

"नसला तर?"

"तर बाकीच्यांच्या आयांना त्यांची पोरं परत मिळतील."

भावजय त्यांच्याकडे बघत राहिली. "मिळू देत," ती म्हणाली. "त्यांना मिळू देत. पण तुम्ही इथं काही दिवस येऊ नका, वन्सं. मला तुमचं तोंड बघवत नाही."

दार आपटलं नाही; हळूच लागलं. आतून भावाचं रडणं ऐकू आलं. बाईंचा हात कडीपर्यंत गेला. मग तो त्यांनी मागे घेतला आणि रडणं थांबेपर्यंत तशाच बाहेर उभ्या राहिल्या.