लाल वाळूची ओटी

बद्रीनाथ महाराजांनी आदल्या दिवशी धर्मशाळेच्या ओट्यावर ते कीर्तन केलं नसतं, तर नंदाबाई खडकांपलीकडं गेलीच नसती. हे माझं म्हणणं. आमच्या घरची, म्हणजे द्वारका, मला लगेच झापते. "कीर्तनाला बोल लावू नका. टाळ कुटता नं तुम्ही त्याच कीर्तनात?"

कुटतो, आणि देवानं ताकद दिली तोवर कुटणार. महाराज उभे राहिले की त्यांच्यामागं टाळ घेऊन उभं राहावं, यापलीकडं मी कधी काही मागितलं नाही. म्हणून तर शहाण्णव साली पिंपळगाव रेणुकाईहून कचरूच्या गाडीनं दक्षिणेची यात्रा निघाली, तेव्हा सगळ्यात आधी नाव दिलं ते मी. रामेश्वर झालं, आणि शेवटचा मुक्काम कन्याकुमारीला पडला.

त्या संध्याकाळच्या कीर्तनाचं काय सांगू! देवी कुमारीचं शंकराशी लग्न ठरलंय. नवरदेव निघालाय. मुहूर्त मध्यरात्रीचा, आणि मधेच नारदानं कोंबड्याची बांग दिली. महाराजांनी बांग अशी हुबेहूब दिली की धर्मशाळेमागं कुणाचा तरी खरा कोंबडा ओरडला आणि माणसं पोट धरून हसली. पण हसू फार वेळ टिकलं नाही. उजाडलं समजून नवरदेव अर्ध्या वाटेतून माघारी फिरला, आणि महाराजांचा आवाज खाली आला.

"तांदूळ शिजला न्हाई, माय. हळद लागली न्हाई, कुंकू लागलं न्हाई. पोरीनं समदं या किनाऱ्यावर उधळून देलं. उद्या पाहा तुम्ही. पांढरी वाळू त्या अक्षता, पिवळी ती हळद, आन् लाल ते कुंकू. ती अजून उभी हाय तिथं. वाट पाहून राह्यली."

बायांनी पदर डोळ्यांना लावले. माझा टाळ एक मात्रा चुकला.

कीर्तन संपल्यावर नंदाबाई पाया पडायला आली. ही आमच्या शेजारघरची. मालक जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलता एक पोरगा जालन्याला बियाण्याच्या गोदामावर कामाला. त्याची बायको सत्यशीला. त्या पोरीचं पोट दोनदा सातव्या महिन्यात रिकामं झालं होतं. या खेपेला आठवा लागला होता, पण डॉक्टरनं जालन्याच्या दवाखान्यात आणून निजवून ठेवली होती, उठायचीसुद्धा बंदी. मदुरेहून नंदाबाईनं दवाखान्यासमोरच्या मेडिकलवर फोन लावला तेव्हा पोरगा एवढंच बोलला होता, "आई, काही सांगता येत न्हाई म्हणतात." तेव्हापासून तिनं धड घास घेतला नव्हता.

"महाराज," ती म्हणाली, "ती लाल वाळू माझ्या सुनंसाठी ओटीत नेली तर चालंल का?"

"चालंल की, माय. देवीचंच कुंकू ते. त्याच्याहून मोठा आशीर्वाद कोणता?" महाराज उपरण्यानं घाम पुसत बोलले. मनापासून बोलले. पण ओटी भरायची कुणी, हे काही त्यांच्या मनात आलं नाही. पुरुषमाणसाच्या कुठून येणार?

आमच्याकडं आपली ओटी आपण भरत नाही. एका सवाशिणीची दुसरी सवाशीण भरते. ज्या बाईचं कुंकू गेलं, तिची कुणीच भरत नाही.

सकाळी आम्ही समुद्रावर गेलो. गावाकडच्या केळना नदीच्या डोहात पोहलेली माणसं आम्ही, आणि समोर हे असं पाणी, ज्याला पलीकडचा काठच नाही. पाण्याला भिऊन आम्ही गडी लांबच बसलो. वाळू मात्र महाराज म्हणाले तशीच होती. एका जागी पांढरी, दहा पावलांवर पिवळसर, आणि मधून मधून काळे पट्टे, तव्याच्या बुडासारखे. पोरं रंगारंगाच्या वाळूच्या पुड्या विकत फिरत होती.

"भोकरदनला रेती चोरून नेतात, आन् इथं पुडीत बांधून विकतात," कचरू म्हणाला. "दादा, गाडीत एक ट्रिप टाकू का?"

बायांचा घोळका जरा पुढं जमला होता. रेणुकाईच्या देवळात नवरात्रात पहिली ओटी द्वारका भरते, तेव्हा इथंही तीच पुढं. उषाबाईची भरली, झुंबरबाईची भरली, त्यांनी तिची भरली. मग नंदाबाई पदर पसरून पुढं आली.

द्वारकेचा हात थांबला. "नंदे, तू जरा बाजूला सर."

"अक्का, माझ्यासाठी न्हाई वो. सत्यशीलेसाठी."

"मला काय समजत न्हाई का? पण रीत ती रीत हाय, बाई. उद्या काही कमीजास्त झालं, तर लोकं म्हणतील द्वारकानं रांडमुंड बाईची ओटी भरली म्हणून झालं."

नंदाबाईनं पदर गोळा केला, खांद्यावरून घेतला आणि निघून गेली. मला वाटलं धर्मशाळेकडं गेली असेल.

बाया आंघोळीला घाटाच्या साखळीला धरून उतरल्या. आरडाओरडा, हसणं, एकमेकींच्या अंगावर पाणी. त्या गोंधळात माझी नजर सहज उजव्या अंगाला गेली. घाटाची भिंत संपते तिथून पुढं काळे खडक आहेत, आणि त्या खडकांच्या पायथ्याशी लाट मागं सरली की लाल पट्टा उघडा पडत होता. ओला, गडद लाल. तिथं एक बाई उकिडवी बसली होती. पांढरं लुगडं. दोन्ही हातांनी वाळू खरवडून पदरात भरत होती.

आणि पाठ समुद्राकडं.

नदीवरच्या माणसाची ती सवय. नदीत आपण देवळाकडं तोंड करून बसतो. पाणी एका बाजूनं येतं, एका बाजूनं जातं. पाठीमागून चालून येणारं पाणी आम्हाला माहीतच नव्हतं.

"नंदाबाई!" मी ओरडलो. "ये बाई! मागं पाहा!"

लाट आली. ती दिसेनाशी झाली. पाणी ओसरलं तेव्हा ती दोन खडकांच्या खाचेत अडकलेली दिसली, कमरेपर्यंत पाण्यात, डोकं वर. आणि दोन्ही हातांच्या मुठीत पदर, छातीशी गच्च. त्यात ती वाळू. दिसायला रेती, पण लोखंडाच्या किसासारखी जड. तिचं वजन तिला खाली ओढत होतं.

कचरू धावला. मी माझा पटका सोडला, त्याच्या कमरेला बांधला, आणि दुसरं टोक आम्ही चौघापाचांनी धरलं. एक कोळी कुठून तरी पळत आला, हातवारे करून त्याच्या भाषेत आम्हाला काहीतरी सांगत राहिला. शब्द कळत नव्हते. बोट मात्र तो सारखं मागं दाखवत होता, जिथं पुढची लाट उंच होऊन राहिली होती.

कचरू अलीकडच्या खडकावर पालथा पडला. त्याचा हात तिच्यापासून वीतभर लांब.

"मावशे, हात दे!"

"ओटी सांडंल!"

"सांडू दे! जल्दी हात दे!"

"न्हाई रे बाबा, न्हाई. लेकरू जाईल. सांडली तर लेकरू जाईल."

लाट त्यांच्यावर फुटली. पटका हाताला करकचला, आम्ही फरफटत पुढं गेलो. पाणी खाली आलं, कचरू खोकत होता, कपाळ फुटलं होतं. नंदाबाई तशीच खाचेत, पण आता पाणी गळ्याशी. मुठी सुटल्या नव्हत्या.

"नंदे, सोड गं! सोड ते!" द्वारका भिंतीवरून किंचाळत होती. "म्या भरते तुझी ओटी! सोड!"

तिला ते ऐकू गेलं का नाही, देव जाणे. गेलं असतं तरी सकाळच्या बोलण्यानंतर तिनं विश्वास का ठेवावा?

कोळी पुन्हा ओरडला. मागून येणारी लाट आणखी मोठी होती.

तेवढ्यात बद्रीनाथ महाराज भिंतीवर चढले. वीणा नाही, पखवाज नाही, अंगावर नुसतं धोतर. छाती भरून श्वास घेतला आणि विठ्ठलनामाचा गजर उचलला. गावच्या मंडपात उचलतात तोच, वरच्या पट्टीतला, माइक नसला तरी वेशीबाहेर जाणारा. आणि गजरावर त्यांची जी रोजची हाक असते ती दिली.

"हात वर!"

महाराजांचं कीर्तन ज्यानं आयुष्यभर ऐकलं, त्याचा हात त्या हाकेला आपोआप वर जातो. सांगावं लागत नाही, विचार करावा लागत नाही. मी पटका धरला होता तरी माझा एक हात उठला. घाटावरच्या ओल्या बायांचे हात उठले. आणि त्या खाचेत, गळाभर पाण्यात, नंदाबाईचा उजवा हात मूठ सोडून सरळ वर आला.

कचरूनं तो मनगटात धरला. आम्ही ओढलं. लाट आली ती आमच्या पायांवर फुटली, आणि दोघं जण वाळूवर येऊन पडले.

जीव वाचला म्हणून आम्ही देवाचं नाव घेतोय, तोवर ती उठून बसली. पदर चाचपला. ओला, रिकामा. घडीत चिकटलेले चार लाल कण तेवढे.

"काय केलं, महाराज?" ती म्हणाली. ओरडली नाही, त्यानंच जास्त भीती वाटली. "माझ्या हातानं सांडायला लावली. नामाच्या नावानं."

महाराज भिंतीवरून उतरून तिच्यापुढं येऊन बसले.

ती उठली आणि परत खडकांकडं चालू लागली. कचरूनं वाट अडवली. "सर बाजूला," ती त्याला म्हणाली, सकाळी तिला कुणीतरी म्हटलं होतं तसंच. तिला धरून ठेवणार तरी किती वेळ? धर्मशाळेत कोंडणार का? मला वाटलं, आज ना उद्या, ही पुन्हा त्या पाण्यात जाणार.

द्वारका भिंतीवरून उतरली. माझ्या हातातला पटका तिनं ओढून घेतला, आपल्या कमरेला गाठ मारली आणि टोक माझ्या अंगावर फेकलं.

"धरा. आन् झोपू नका."

"अगं, तू कुठं..."

"धरा म्हणलं नं!"

ती त्या लाल पट्ट्यापर्यंत गेली. समुद्राकडं तोंड करून, एक डोळा लाटेवर ठेवून. खाली वाकायची, मूठ भरायची, मागं पळायची. असं करत तिनं ओंजळभर लाल वाळू वर आणली. पटका मी दंडाला दोन वेढे देऊन धरला होता.

मग ती नंदाबाईपुढं उभी राहिली, धापा टाकत. "पदर पसर."

"रीत न्हाई ती," नंदाबाई म्हणाली.

"मला नको शिकवू रीत. विधवेची ओटी भरत न्हाईत, हे माझ्या सासूनं मला सांगितलं. सुनंची भरू नये, असं कुणी सांगितलं का? पदर तुझा. ओटी सत्यशीलेची. तू निस्ती धरून उभी राहा, जालन्यापोत्तर."

झुंबरबाई पुटपुटली, "द्वारके, बराबर हाय का हे?"

"न्हाई वाटत तर तू नको भरू. रेणुकाई मला विचारंल तेव्हा मी पाहून घेईन."

नंदाबाईनं पदर पसरला. पहिली चिमूट बाहेरच पडली. द्वारकेनं तिचे हात खालून आपल्या हातांनी धरले आणि बाकीची वाळू ओतली. उषाबाई पुढं आली. आणखी दोघी आल्या. थोडं थांबून, कुणाकडं न बघता, झुंबरबाईनंही एक चिमूट टाकली.

तिथून नंदाबाई तडक फोनकडं निघाली. ओल्या लुगड्यानंच. एसटीडीच्या काचेच्या खोलीत ती आणि द्वारका शिरल्या. आम्ही बाहेर, दार अर्धं उघडं. एका हातात फोन, दुसऱ्यात पदर. बराच वेळ पलीकडं घंटी वाजत राहिली. मग मेडिकलवाल्यानं उचलला आणि पोराला बोलावून आणलं.

"हां, बोल... कधीपासून?... पहाटंपासून?" तिचा चेहरा उतरला. द्वारकेकडं पाहून ती म्हणाली, "कळा सुरू झाल्या. आत नेली तिला. डॉक्टर म्हणतो, आठव्या महिन्यातलं काही सांगता येत न्हाई."

द्वारकेनं तिचा पदर धरलेला हात आपल्या हातानं झाकला.

नंदाबाईनं फोन तोंडाशी आणला. "ऐक. आत निरोप पाठव. नर्सबाईच्या हातापाया पड, पण पाठव. सत्यशीलेला म्हणावं, ओटी भरून आणून राह्यलो." ती जरा थांबली. "म्या भरली न्हाई. विचारलं तर सांग, द्वारकाक्कानं भरली. सवाशिणींनी भरली. आन् तिला म्हणावं, घाबरू नको."

ती बाहेर आली. कचरूनं कपाळाला फडकं बांधलं होतं. त्यानं विचारलं, "मावशे, गाडी काढू?"

"काढ," नंदाबाई म्हणाली, आणि पदर दोन्ही हातांत धरून, कुणी आधार देऊ केला तो नाकारून, गाडीची पायरी चढली.