मागच्या घराची वाट

मित्रांनो, मी एक जुने लोखंडी फाटक आहे आणि त्याची मला अजिबात लाज वाटत नाही. रंग उडाला आहे, बिजागऱ्या कुरकुरतात. पण मी कुणाच्या बापाला भीत नाही.

दोन बहिणींनी वडिलांच्या जागेची वाटणी केली, तेव्हा लोहाराने मला घडवले. रस्त्याकडचे घर थोरलीला मिळाले, मागचे धाकटीला. मागच्या घराला रस्ताच नव्हता. म्हणून पुढच्या घराच्या कडेने बोळ ठेवला आणि त्याच्या आतल्या टोकाला, धाकटीच्या दाराशी, मला बसवले. बोळाची जमीन थोरलीची, पण तिथून जाण्या-येण्याचा हक्क मागच्या घराचा, कायमचा, असे वाटणीपत्रात लिहून दोघींनी सह्या केल्या.

धाकटी कपडे शिवायची. नव्या कपड्यांच्या घाईत बायका मला ढकलतच आत शिरायच्या. काय तोरा होता माझा तेव्हा! पुढे थोरली वारली आणि तिच्या मुलाने घर विकायला काढले.

घेणारे गृहस्थ आले. त्यांनी भिंती ठोकून पाहिल्या, नळ सोडून पाहिले. माझ्या गजांना छत्रीही अडकवली. पण हे फाटक कुणाचे, एवढे काही विचारले नाही. मुलानेही मिठाची गुळणी धरली. घर ताब्यात येताच गृहस्थांना बोळात गाडी लावायची होती. त्यांनी मला साखळी घालून कुलूप ठोकले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"अहो, फाटक उघडा," धाकटी आतून म्हणाली.

"जागा मी विकत घेतलीय, मावशी."

"जागा तुमचीच हो. वाट आमची आहे."

गृहस्थ हसले. "मग घरच विका मला. पण वाट नसलेल्या घराला भाव कोण देणार?"

धाकटीच्या सुनेचा धीर सुटला. "आई, देऊन टाकू या. शेजाऱ्यांच्या परसातून किती दिवस जायचं? उद्या तेही नाही म्हणाले तर?"

"घर देणार नाही," धाकटी म्हणाली आणि तिने वकीलबाईंना गाठले.

"साखळी तुम्ही तोडू नका," वकीलबाईंनी बजावले. "पण गप्पही बसू नका. मालक बदलला म्हणून तुमचा हक्क जात नाही. नुसतं सोसत राहिलात, तर उद्या म्हणतील, इथे वाट कधी नव्हतीच."

दावा दाखल झाला. धाकटीने स्टूल आणून माझ्यापाशी मांडले. गिऱ्हाइके बोळात उभी राहायची आणि ती माझ्या गजांतून टेप घालून मापे घ्यायची. "हात वर करा. आता वळा जरा." बोळात ही गर्दी! गृहस्थांची गाडी रस्त्यावरच. मी मनसोक्त कुरकुरून घेतले.

अखेर कोर्टाने साखळी काढण्याचा हुकूम दिला. गृहस्थ पडेल चेहऱ्याने किल्ली घेऊन आले.

"विकणाऱ्यानं मला सांगितलंच नाही."

"मग त्याला जाऊन जाब विचारा," धाकटी म्हणाली. "मला का कोंडलंत?"

गृहस्थांनी कुलूप काढले.

मित्रांनो, मला रंग द्या, तेल घाला, अशी विनवणी मी करणार नाही. घर घ्याल तेव्हा कागद वाचा आणि भिंतीत फाटक दिसले, तर त्यामागे कोण राहते ते विचारा. विचारायचे नसेल, तर खुशाल साखळी घालून बघा. आतली माणसे गप्प बसणार नाहीत आणि मी उघडेन ते त्यांच्यासाठीच.