पाठीतलं पानी

सहासष्ट सालची होळी झाली तवापासून माहे मालक देवीलाल भिंतीकडे तोंड करून बसले होते. बोलणं नाही, हासणं नाही. तांड्यातले म्हनत, रुपीबाईनंच त्याईले खाल्लं, डाकीण हाय ती. मले तांड्याबाहेर काढाले नायकानं पंचायत ठरवली. भांडून भांडून मी थकली होती बाप्पा.

मालकाले पुसदच्या दवाखान्यात नेलं, तं डॉक्टर म्हनाले, "मणक्यातून थोडं पाणी काढू. मेंदूतल्या रसांचा अंश त्यात उतरतो. नागपूरला मोजतील. कमी निघाला तर हा आजार आहे, असं मी स्वतः पंचायतीत येऊन सांगेन."

"नाल्याचं पानी पाहून विहिरीत किती हाय, कसं समजते साहेब?"

"अंदाजच असतो, बाई."

त्या अंदाजावर माहं घर टांगलं होतं.

सुईनं पानी काढलं. तवापासून मालक उठून बसले की डोकं फुटे. बाटली बरफाच्या डब्यात ठेवली. "गरम झाली की माप गेलं," डॉक्टरनं बजावलं. माहा दीर भावसिंग डबा घेऊन एसटीत बसला. आमचे बापजादे बैलाईवर मीठ वाहत. माल पोचवाचा म्हटला की हा छाती फुगवते.

वापस आला तं तोंड उतरलेलं. बरफाचं वाटेतच पानी झालं, नागपूरवाल्याईनं बाटली घेतलीच नाही.

"म्या तं सौगंद घेतली होती भाभी. लोट्यातल्या पान्यात मीठ टाकून घेतो ना आपन, तशी. डब्यातल्या बरफावरच दोन मुठी मीठ टाकलं. म्हटलं, भावाचं पानी इमानानं पोचवीन."

डॉक्टरनं कपाळाले हात लावला. "अहो, मिठानं बर्फ लवकर वितळतो!"

"मुडद्या, जलम मिठात गेला तुमचा!" मी ओरडली. पन बरफ आमच्यात कोनं पाह्यला होता? तो रडाले लागला, तं मलेबी रडू आलं.

"पुन्हा काढावं लागेल."

"नाही साहेब. लय सोसलं त्याईनं. मी जाईन मायच्या घरी."

तेवढ्यात खाट वाजली. मालक कुशीवर वळले, गुडघे पोटाशी घेतले, सदरा पाठीवरून वर ओढला.

"काढा," ते म्हनाले. होळीपासून पयला शब्द. "डाकीण नाही ती. घरी राहू द्या तिले."

"अवो, हेच नायकापुढं बोलले असते, तं सुई कायले लागली असती!"

सुई घुसली तवा त्याईनं माहा हात आवळला. या खेपेले एसटीत डबा म्या माह्या मांडीवर घेतला.