न विझणारी गांधीलमाशी

दोघी बहिणींनी मिळून एक खोली भाड्याने घेतली होती आणि तिथे बसून त्या लोकांना घाबरवण्याचं काम करत. थोरली व्हिडिओ गेममधल्या जागा रचायची: भिंती, धूळ, जळमटं आणि मुख्य म्हणजे उजेड. धाकटी त्या जागांना आवाज द्यायची. सध्या हातात किड्यांचा एक जुना गेम होता. एके काळी त्याने पोरांची झोप उडवली होती. आता तो नव्या यंत्रांसाठी पुन्हा बनत होता आणि त्यातला गांधीलमाश्यांचा माळा या दोघींच्या वाट्याला आला होता.

माळा काही केल्या भीतिदायक होईना. जुन्या यंत्राला चार हातांपलीकडचं काही दाखवताच येत नसे, म्हणून तेव्हाच्या कारागिरांनी पुढे नुसता काळोख भरला होता आणि माणसं त्या काळोखालाच टरकायची. आता यंत्राला सगळंच जमत होतं. पंखावरची शीर न् शीर दिसत होती. खेळून बघायला बोलावलेल्या पोरांनी जांभया दिल्या. "छान आहेत माश्या," एकजण म्हणाला. थोरलीला ते शिवीसारखं लागलं.

"ताई, तू स्वतः घाबरत नाहीस ना, मग लोक कसले घाबरतात!" धाकटी हसून म्हणाली होती. "मला विचार."

तिला विचारायची गरजच नव्हती. तिला एकदा एकच गांधीलमाशी चावली होती, तर घसा सुजून श्वास कोंडला होता. पुन्हा चावली तर दवाखाना गाठायला वेळ मिळेलच असं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सतत जवळ ठेवायचं इंजेक्शन आज नेमकं घरी, दुसऱ्या पर्समध्ये राहिलं होतं. त्यावरून सकाळी दोघींचं वाजलंही होतं.

"इथे कुठून येणार गं माशी?" धाकटी म्हणाली होती. "वाराही आत येऊ देत नाहीस तू."

ते खरंच होतं. उजेड रचायला आधी काळोख लागतो, म्हणून खिडकीवर जाड काळा पडदा कायमचा ओढलेला असे.

दुपारी धाकटी आवाज रेकॉर्ड करायच्या केबिनमध्ये जाऊन बसली. केबिन म्हणजे कपाटाची थोरली बहीण: आतून स्पंज, दाराला हातभर काच आणि हवेसाठी छताच्या पोकळीत गेलेला एक पाइप. थोरली हेडफोन लावून माळ्यावरचे दिवे सारखे करत होती. कानात धाकटीने करून दिलेली कच्ची गुणगुण चालू होती.

स्क्रीनच्या डाव्या कोपऱ्यात एक माशी तिच्या डोळ्यांत खुपली. त्या कोपऱ्यात तिने एकही दिवा ठेवला नव्हता, तरी ही बया लख्ख दिसत होती. पाठीवर चक्क पिवळा उजेड! कुठला तरी दिवा चुकून तिकडे सांडतोय, असं म्हणून थोरलीने तो शोधायला घेतला. कौलांतली तिरीप विझवली. माशी तशीच. जिन्यावरचा कंदील विझवला. तशीच. वैतागून तिने माळ्यावरचे सगळेच दिवे घालवले. स्क्रीन काळीकुट्ट झाली, आणि त्या काळ्यावर ती माशी चमकत राहिली.

मग ती चालत चालत स्क्रीनच्या कडेवर चढली आणि टेबलावरच्या दिव्याच्या दांड्यावर जाऊन बसली.

तिने हळूच हेडफोन काढले. गुणगुण थांबायच्या ऐवजी वाढली.

छतात, केबिनच्या वर, जिथे तो पाइप आत शिरत होता, तिथल्या फटीतून माश्या बाहेर येत होत्या. घाई नाही, गडबड नाही. एक बाहेर पडे, पाय झाडी, मग दुसरी. खाली काचेपलीकडे धाकटी पाठमोरी बसली होती. तिच्या डोक्यावर दिवा जळत होता आणि काचेवर एक माशी चालत होती. पोट थोरलीकडे, म्हणजे माशी आतल्या बाजूने होती.

धावत जाऊन दार उघडावं, असं थोरलीच्या मनात आलं. पण दार धाडकन उघडलं तर धाकटी दचकणार, माशी बघून किंचाळणार, हात झाडणार. आणि हात झाडला की माशी चावणारच.

केबिनमध्ये ऐकू जाईल असं बोलायचं बटण टेबलावर होतं. तिने ते दाबलं. आवाज कापला तर पोरीला कळेल, या भीतीने तिने एकदा गिळून घेतलं.

"स्टॅच्यू," ती म्हणाली.

लहानपणी हा शब्द ऐकला की धाकटी तोंडातला घाससुद्धा चावत नसे. आताही ती जागच्या जागी थिजली.

"ताई, आज काय नवीन खूळ?" ओठ न हलवता तिने विचारलेलं टेबलावरच्या स्पीकरमधून आलं.

"खूळच समज. आता दिवा जाईल. मी सांगेपर्यंत बोटसुद्धा हलवायचं नाही."

"ताई?" हा आवाज वेगळा होता. "माझ्या मानेवर काहीतरी आहे."

"माहितीये," थोरली म्हणाली. "राहू दे."

तिने स्क्रीन बंद केली, टेबलाचा दिवा बंद केला, भिंतीवरच्या बटणाने केबिनचाही दिवा घालवला. गुडुप अंधार झाला. आता गुणगुण चहूकडून येत होती. खिडकी समोरच्या भिंतीला, आणि वाट बरोबर त्या फटीखालून. गेममध्ये ती कुणाला 'इकडे या' असं कधीच सांगत नसे. टोकाला एक उजेड ठेवला की माणूस आपल्या पायांनी तिकडे जातो. माश्या माणसांसारख्या वागतील की नाही, कोण जाणे. ती मान खांद्यांत खुपसून, पाय न उचलता सरकत निघाली. केसांत काहीतरी टपकन पडलं, क्षणभर वळवळलं आणि उडालं. तिने किंकाळी दातांत धरून ठेवली.

पडदा ओढला, खिडकी सताड उघडली. दुपारचं ऊन आत कोसळलं.

आधी काहीच झालं नाही. मग एक माशी गेली. मग दोन, मग सुटलेल्या धाग्यासारखी रांगच. थोरली भिंतीला चिकटून केबिनपर्यंत आली, दार बोटभर उघडलं, मग हातभर, आणि उन्हाचा पट्टा आत जावा म्हणून बाजूला सरली.

धाकटी तशीच बसली होती. बाजूने दिसणारा डोळा घट्ट मिटलेला, गालावरून पाणी ओघळत होतं. ती माशी कॉलरवरून चालत तिच्या कानाच्या पाळीपाशी आली. तिथे थांबली. मिशा हलवत राहिली, जणू घर भाड्याने घ्यावं की न घ्यावं याचा विचार करतेय. थोरलीचा हात आपोआप वर आला. तिने तो दुसऱ्या हाताने पकडून खाली दाबला.

माशी उडाली, थोरलीच्या नाकासमोरून उन्हाकडे गेली. काचेवरचीही तिच्यामागून गेली.

"चल. डोळे उघडू नकोस." तिने बहिणीला दंडाला धरून मागच्या दाराने जिन्यात आणलं आणि दार लावून घेतलं.

दोघी पायरीवर बसल्या. धाकटीचे दात वाजत होते. तरी ती म्हणाली, "ताई, रेकॉर्डिंग चालूच होतं गं. सगळं आलं असेल त्यात. हा आवाज टाकला ना माळ्यात, तर..."

"गप्प बस. डोकं खाली घाल."

थोरलीने तिची वेणी सोडली आणि एकेक बट वेगळी करून बघायला सुरुवात केली. मानेपाशी, कानांमागे, कॉलरच्या दुमडीत.

"आहे का काही?"

"नाही."

"नक्की?"

"नाही म्हटलं ना," थोरली म्हणाली आणि कपाळापासून पुन्हा बघायला लागली.